सुखदेव इंगळे यांच्या नावावरचं गवत

बुलढाणा जिल्ह्यात जाणारा पुणेकर लोणारचं सरोवर पाहून येतो. मला गवत पाहायला पाठवण्यात आलं. तेही असं गवत, जे आमच्याकडे नदीकाठी, माळावर आणि बंगल्यांच्या कुंपणाशी फुकट पाहायला मिळतं. संपादकांचं म्हणणं असं, की ते पुण्यात आहे ही बातमी नव्हे. बुलढाण्यात नाही, ही बातमी आहे. नाही कशावरून, तर तिकडच्या गावोगावहून तसं लेखी आलं होतं.

ज्यांनी ते पाहूनही ओळखलं नसेल त्यांच्यासाठी सांगतो. गाजर गवताची पानं गाजराच्या पानांसारखी कातरलेली असतात आणि तेवढ्यावर त्याचं गाजराशी नातं संपतं. ते कमरेएवढं वाढतं, त्याच्या शेंड्याला बारीक पांढरी फुलं येतात, बी मोहरीहूनही बारीक असतं. गुरं त्याला तोंड लावत नाहीत. माणसाने हात लावला तर हात खाजतो. दुष्काळात परदेशातून मिलो नावाचं धान्य आलं, त्या पोत्यांतून हे आलं असं लोक सांगतात. धान्य खाऊन संपलं. हे मुक्कामाला राहिलं.

रोहिणखेड

मलकापूरला गाडीतून उतरलो आणि खामगावला जाण्याआधी वाकडी वाट करून मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला गेलो. तिथे जुनी मशीद आहे. श्रावणातल्या पावसाने दगड धुऊन निघाला होता आणि त्यावरची कोरलेली अक्षरं कालच कोणी काढली असावीत इतकी स्पष्ट दिसत होती. जोत्याच्या फटींतून पांढऱ्या फुलांची हिरवी झुडपं बाहेर आली होती. ज्या जिल्ह्यात गाजर गवत नाही, त्या जिल्ह्यातलं हे माझं पहिलं गाजर गवत.

जोत्यावर एक म्हातारे गृहस्थ बिडी ओढत बसले होते.

"कुठून येनं झालं, साहेब?"

"पुण्याहून."

"मंग तं हे तुमचंच मेहमान हाये." त्यांनी बिडीनेच झुडपाकडे बोट केलं. "तिकूनच आलं म्हनतात. बसा ना जवळ, घरच्यावानी वाटन."

मी जरा लांब बसलो. त्यांनी चहा मागवला. पुण्यात अनोळखी माणसाला चहा देण्याआधी तो कोणाकडे आला आहे हे विचारतात. इथे चहा संपल्यावर विचारतात, आणि उत्तर पटलं नाही तरी चहा परत मागत नाहीत.

खामगाव

पंचायत समितीच्या कचेरीत शेतीचं काम पाहणारे विस्तार अधिकारी भेटले. मृदू आवाजाचे, नीटनेटके, मूळचे सातारकडचे. त्यांच्या टेबलावर काचेच्या पेल्यात फुलं ठेवलेली होती: दोन झेंडू, थोडा तेरडा, आणि मधली जागा भरून काढायला बारीक पांढऱ्या फुलांच्या चार काड्या.

"ही पांढरी कसली?" मी विचारलं.

"शोभेची असावीत. शिपाई आवारातूनच आणतो."

मग त्यांनी मोहीम समजावून सांगितली. गवत आढळल्यास कळवावं, असं परिपत्रक गावोगाव गेलं होतं. ज्या गावी ते आढळेल तिथल्या लोकांनी ते स्वतः उपटावं, वेळोवेळी प्रगती कळवावी आणि तपासणीला आलेल्या साहेबांची व्यवस्था पाहावी. ज्या गावी आढळणार नाही त्यांनी काहीही करू नये. गावांनी दोन्ही बाजू शांतपणे तोलल्या आणि "निरंक" असं उत्तर पाठवलं. म्हणजे काही नाही. सगळ्या तालुक्यातून एकाच वळणाच्या अक्षरात आल्यासारखे निरंक आले.

"अपवाद एकच," विस्तार अधिकारी म्हणाले. "पिंपळगाव राजाच्या बाजूला एक गाव आहे. तिथला सुखदेव इंगळे नावाचा शेतकरी ओल्या पोत्यात गुंडाळून झाड घेऊनच इथे आला. कुठून उपटलं विचारलं, तर वावरातून म्हणाला. तशी नोंद केली आम्ही. गाजर गवत आढळलं, ठिकाण सुखदेव इंगळे यांचं शेत." जरा थांबून त्यांनी आवाज खाली आणला. "माणूस थोडा वादग्रस्त आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे कळवतो."

पण या कळवण्यामुळेच कचेरीची अडचण सुटली होती. मोहीम यशस्वी व्हायची तर निदान एक गाव गवतमुक्त व्हायला हवं, आणि ज्या गावात गवतच नाही ते मुक्त कसं करणार? साऱ्या तालुक्यात मुक्त होण्याची पात्रता असलेलं गाव ते एकच. मुक्त झाल्यास गावाजवळच्या नाल्यावर मोरी, म्हणजे लहानसा पूल, बांधण्याचा विचार प्राधान्याने करू, असं वरून आश्वासन मिळालं होतं. पावसाळ्यात तो नाला भरला की गाव बाहेरच्या जगापासून तुटतं. मुक्तीची घोषणा करायला जिल्ह्याचे मोठे साहेब स्वतः येणार होते. गावकरी रिकामे सापडावेत म्हणून त्यांनी सुट्टीचा दिवस निवडला होता. तो दिवस पोळ्याचा.

पिंपळगाव राजाच्या पुढे

गावाचं नाव देत नाही. सरकारी कागदावर त्याची जी काही अवस्था आहे तिच्यात माझ्यामुळे फरक पडू नये.

सरपंच उत्तमराव, ज्यांना गाव पाटील म्हणतं, हे मोठे जमीनदार, पन्नाशीचे, धोतराला चिखल लागू न देता गावभर फिरण्याची कला साधलेले. त्यांच्या पडवीत जेवायला बसलो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर, अंबाडीची भाजी, त्यावर कच्च्या तेलाची धार, आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं. आमच्याकडे पाहुण्याला तिखट लागलं तर पाणी देतात. इथे आणखी एक भाकर वाढली.

"तिखट नाई ना झालं?" उत्तमरावांनी चौकशी केली.

नाही म्हटलं. त्यांनी आणखी ठेचा वाढला.

जेवणानंतर मोहीम पाहायला निघालो. वेशीपाशी, शाळेच्या मैदानावर आणि चावडीमागे गवत पुरुषभर नाही तरी कमरेपर्यंत नक्कीच होतं आणि सगळं फुलावर आलं होतं. फुलावर येण्याआधी उपटावं, असं परिपत्रकात म्हटलं होतं. ते निघालं तेव्हा गवत रोप होतं. कागद टप्प्याटप्प्याने खाली उतरला, गवत त्याच वेगाने वर चढलं. आता मजूर बाया ते उपटून ढीग घालत होत्या. प्रत्येक झटक्यासरशी बारीक पांढरा भुगा उडत होता आणि ज्या जमिनीवरून झाड निघालं तिच्यावरच पडत होता. विस्तार अधिकाऱ्यांनी समाधानाने मान डोलावली.

बायांत एकीने दोन्ही हातांना कोपरापर्यंत जुन्या लुगड्याच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. ती गयाबाई, सुखदेव इंगळेची बायको. चिंधी बाजूला करून तिने हात दाखवला. कातडी लाल होऊन जागोजागी फुटली होती.

"कितीक दिवस झाले असं?"

"हे उपटून राह्यलो तव्हापासून. रातभर आग होते, बाप्पा. तव्यावर हात ठेवल्यावानी." तिने चिंधी पुन्हा घट्ट बांधली. "घरच्या वावरात बी म्याच उपटलं. पन तव्हा फूल नवतं. तव्हा एवढं नाई झालं."

सुखदेवचं शेत गावाबाहेर, नाल्याच्या अलीकडे, बौद्धवस्तीला लागून आहे. तीन एकर. अर्ध्यात पऱ्हाटी म्हणजे कपाशी, अर्ध्यात ज्वारी. कागदोपत्री जिथे गाजर गवत आहे ती सरकारमान्य जागा हीच. मी बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो. एकही झाड दिसलं नाही. जिल्ह्यात आल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

सुखदेव चाळिशीचा, उंच, भरघोस मिशांचा आणि मोठ्या आवाजाचा माणूस आहे. नम्रपणा त्याला मानवत नाही.

"पंचक्रोशीत हे गवत पह्यलं कोनं वळखलं? म्या!" त्याने छातीवर हात ठेवला. "हे साधं नोहे, हे मी पाह्यताखेपी सांगतलं."

"हाव, सांगतलं," मागून गयाबाई म्हणाली. "पह्यल्या साली चारा म्हून बकरीले कोनं घातलं? पंधरा रोज घरात कडू दुधाचा चहा पेलो. पाहुन्याले बी कडूच पाजला."

"ते पाह्यन्यासाठीच घातलं होतं," सुखदेव म्हणाला. मग आवाज उतरला. "सायेब, गवताचं जाऊ द्या. माह्या बांधाचं पाहा."

गवत गावठाणाच्या हद्दीबाहेर गेलं की गाव मुक्त, असा कचेरीचा अर्थ होता. नष्ट करण्याचा प्रश्न नव्हता, बाहेर नेण्याचा होता. बाहेर म्हणजे कुठे, तर सुखदेवच्या वरच्या बांधावर. जमिनीचा उतार बांधावरून सरळ त्याच्या कपाशीत होता. वर फुलावरचा ढीग आणि मागून भाद्रपदाचा पाऊस. पुढे काय उगवणार हे सांगायला खात्याची गरज नव्हती. दर पंधरा दिवसांनी नवराबायकोने वाकून वाकून राखलेलं रान एका सरीत गेलं असतं.

त्याच संध्याकाळी चावडीवर त्याने तसं सांगितलं. मी हजर होतो.

"ढीग जाळून टाका नाई तं खड्ड्यात पुरा," सुखदेव म्हणाला. "माह्या बांधावर काऊन?"

"हिरवं जळत नाई बे," उत्तमराव म्हणाले. "अन् पावसात खड्डा कोन खंदन? हे पाह्य सुखदेवा, रागावू नको. कागदावर गवत कोनाच्या नावावर हाये?"

"माह्या."

"मंग तुह्यं तुह्याकडंच ठेवून राह्यलो ना. दुसऱ्याच्या वावरात टाकलं तं तो म्हनन, माह्या नावावर नाई, इथी कायले टाकता? तुले तसं म्हनता येत नाई."

विस्तार अधिकाऱ्यांनी या तर्कात भर घातली. ढीग तिथेच गेला तर नोंद आणि वस्तुस्थिती यांत विसंगती राहणार नाही, असं ते म्हणाले. मी इतकी वर्षं कचेऱ्यांच्या बातम्या लिहितो आहे. नोंद वस्तुस्थितीप्रमाणे बदलण्याऐवजी वस्तुस्थितीच गाडीत भरून नोंदीच्या ठिकाणी नेण्याचा प्रयोग प्रथमच पाहत होतो.

खांदमळणी

पुण्यात पोळा म्हणजे बाजारातून आणलेले मातीचे बैल. पाटावर ठेवावेत, नैवेद्य दाखवावा. त्यांना वर्षभर ओझं नसतं, त्यामुळे त्यांचा खांदा दुखत नाही. वऱ्हाडात बैल खरे असल्याने पोळा आदल्या दिवशीच सुरू होतो. त्या दिवशी बैलांच्या खांद्याला, जिथे वर्षभर जू बसून घट्टे पडलेले असतात तिथे, हळद आणि लोणी लावतात आणि पळसाच्या पानाने चोळून शेकतात. त्याला म्हणतात खांदमळणी. मग बैलाच्या कानाशी उद्याच्या जेवणाचं आमंत्रण देतात. एकदा खांद मळली की पोळा होईपर्यंत त्या मानेवर जू ठेवायचं नाही. बैल तेव्हापासून पाहुणा.

मोहिमेच्या आखणीत ही बाब कोणी धरली नव्हती. गावात ती सर्वांना ठाऊक होती, पण साहेब उद्याच येणार. म्हणून उत्तमरावांनी खांदमळणी संध्याकाळवर ढकलली आणि दुपारी तीन गाड्या गवताने भरून बांधाकडे रवाना केल्या.

पहिल्या गाडीवर महादू आबा होते. सत्तरीचे, गावातले जुने गाडीवान. ते वेशीपासूनच कुरकुरत होते.

"आजच्या रोजी जू ठेवून राह्यलो. बैल काय म्हनन?"

"बैल बोलत नाई, आबा," उत्तमराव म्हणाले.

"म्हून तं."

बांधापासून थोड्या अंतरावर वाट अरुंद होते. तिथे सुखदेव मधोमध उभा होता. पुढचा अर्धा तास उत्तमराव आणि सुखदेव यांच्यात जी देवाणघेवाण झाली तिच्यातला छापण्याजोगा भाग फार थोडा आहे. उत्तमराव म्हणाले, तुले मोरी नको हाये का? सुखदेव म्हणाला, मोरी मलेही पायजे, पन माह्या पऱ्हाटीवरून नको. विस्तार अधिकारी दोघांनाही सहकार्याची विनंती करत होते. शेवटी उत्तमरावांनी हात केला. "हाना आबा गाडी. बाजूले होते का नाई पाहू."

महादू आबांनी कासरा उचलला, आणि खाली ठेवला. कारण गयाबाई बैलांपाशी आली होती. हातात वाटी, वाटीत लोण्यात कालवलेली हळद, वर पळसाचं पान. जू जरासं वर सारून तिने डाव्या बैलाच्या खांद्याला हळद लावली आणि पानाने चोळू लागली. तिच्या हातावरच्या चिंध्या पिवळ्या होत गेल्या.

भानावर प्रथम उत्तमराव आले.

"हे काय चाललं? तुमी लोकायनं तं पोळा सोडला ना? येशीत बैल आनत नाई अन् इथी खांद मळता?"

गयाबाईने वर पाहिलं नाही. "पूजा कोन करून राह्यलं, भाऊ? खांदा सुजला हाये त्याचा. चोळून राह्यली."

"महादू आबा, हाना गाडी!"

महादू आबा खाली उतरले. बैलाच्या खांद्यापाशी वाकून त्यांनी हळद पाहिली, बोटाने चाचपली. मग शांतपणे जू सोडलं.

"खांद मळली, पाटील. आता मी जू नाई ठेवत."

"अहो, तिनं मळली!"

"बैलाले काय ठाव कोनं मळली? मान पाहा कशी टाकली त्यानं. साल झालं, असा निवांत नाई पाह्यला म्या."

"बांधापरेंत पाच पावलं तं राह्यली!"

"पाच पावलं तुमी वढा."

गयाबाई उजव्या बैलाकडे वळली. मागच्या गाडीवाल्याला हटकायची वेळच आली नाही. तो आधीच उतरला होता आणि आपल्या बैलाचा खांदा तिच्याकडे वळवून उभा होता. "वहिनी, ह्याचा बी चोळ बरं जरा. ह्याले डाव्या अंगाले जास्त दुखते." तिसऱ्या गाडीच्या बैलांपर्यंत वाटी पुरली नाही. सुखदेव धावत घरी जाऊन लोणी घेऊन आला. त्याचा चेहरा निवडणूक जिंकलेल्या माणसासारखा दिसत होता, आणि योजना आपलीच होती असं त्याने मला लगेच सांगितलं. गयाबाईने ते ऐकलं आणि खोडलं नाही.

तीन गाड्या वाटेत उभ्या, बैल नाहीत, आणि याच वाटेने उद्या साहेबांची जीप येणार. गवत हातांनी उचलून बांधावर न्यायला एकही पुरुष पुढे येईना. बायांचे हात त्यांनी पाहिले होते. शेवटी, पुढे सुखदेव आडवा उभाच असल्याने, साठीच्या आतल्या सर्वांनी धुरा धरून गाड्या माघारी ओढल्या. वेशीतल्या काळ्या चिखलात चाकं रुतली आणि तिथेच गाड्या उलट्या करून गवत ओतलं.

आता वेशीत ढीग. वर उद्याच्या तोरणासाठी दोर बांधलेला. विस्तार अधिकाऱ्यांनी क्षणभर विचार केला आणि चिखलाकडे पाहून म्हणाले, "पसरा."

कल्पना बिनतोड होती. जीप रुतणार नाही, बैल घसरणार नाहीत, आणि ढीग दिसणार नाही. अंधार पडेपर्यंत काठ्यांनी ढकलून वेशीत गाजर गवताचा हिरवा-पांढरा गालिचा अंथरून झाला.

पोळा

साहेबांची जीप त्या गालिच्यावरून डौलात आत आली. एका शाळकरी मुलीने त्यांना झेंडूचा गुच्छ दिला. मधली जागा कशाने भरली होती हे आता सांगत नाही. साहेब थोडक्यात बोलले. या गावाने एका परक्या शत्रूला पायदळी तुडवलं आहे, असं त्यांनी म्हटलं. सरकारी भाषणात वस्तुस्थितीचं इतकं तंतोतंत वर्णन क्वचित ऐकायला मिळतं. त्यांना दोन वेळा शिंक आली. मग गाव तत्त्वतः मुक्त झाल्याचं जाहीर करून ते पुरणपोळी न खाताच गेले.

त्यानंतर खरा कार्यक्रम सुरू झाला. शिंगं रंगवलेले, झुली घातलेले, गळ्यात घुंगरांच्या माळा असलेले बैल जोडीजोडीने तोरणाखाली आले. इकडे पोळ्याच्या दिवशी झडत्या म्हणतात. झडती म्हणजे भर गर्दीत ओरडून म्हटलेली चार ओळींची टोमणेबाजी, जिच्याबद्दल त्या दिवशी कोणी रागवायचं नसतं. महादू आबांनी कानावर हात ठेवला:

"पांढऱ्या टोपीचं गवत आलं मिलोच्या पोत्यात,
सरपंचानं धाडलं त्याले सुखदेवाच्या शेतात;
बैल म्हने मी पाहुना, काऊन जुंपता आज?
गवत आलं माघारी, अन् गावाची गेली लाज!"

लोक हसले. उत्तमरावही हसले, दुसरा इलाज नव्हता. तोरण तुटलं आणि गावातली झाडून सगळी जनावरं त्या गालिच्यावरून खूर रोवत आत गेली. पुढचा भाग रिवाजाचा. बैल घरोघर नेतात. दारात घरची बाई त्यांचे पाय धुते, कुंकू लावते, पुरणपोळी चारते. धुतलेलं पाणी तुळशीच्या मुळाशी नाही तर अंगणात ओततात. त्या पाण्यात चिखल होता आणि चिखलात ते मोहरीहून बारीक बी होतं. एकही घर वगळलं गेलं नाही. ज्या कामाला कचेरीला मजूर, गाड्या आणि काही वर्षं लागली असती ते गावाने एका संध्याकाळी, वाजतगाजत, हळदकुंकू लावून पार पाडलं.

बौद्धवस्तीत बैल गेले नाहीत. पूर्वी तिथले बैल तोरणाखाली सगळ्यांत शेवटी सोडत. मग त्या लोकांनी बैल आणणंच बंद केलं. सुखदेवची जोडी गोठ्यातच हिरवा चारा खात होती. त्याच्याकडे चहा घेतला. कडू नव्हता.

परतल्यावर मी सगळं लिहिलं. छापताना खालचा भाग जाहिरातीसाठी कापला गेला. शिल्लक राहिलेल्या मजकुराला मथळा मिळाला: गाजर गवतापासून एक गाव मुक्त.

मेहकर, आणि पुन्हा तिथेच

पुढच्या वर्षी आषाढात दुसऱ्या कामासाठी मेहकरला गेलो होतो. देऊळ पाहिलं, एसटीच्या स्टँडवर भजी खाल्ली, आणि तिथेच विस्तार अधिकारी भेटले. त्यांची बदली इकडे बढतीवर झाली होती. त्या गावाचं पुढे काय झालं विचारलं.

"थोडक्यात अडकलंय हो," ते हळहळले. "तत्त्वतः मुक्त आहे, पण इंगळेंची नोंद अजून उघडी आहे. गवत आहे असं ज्याने कळवलं, त्यानेच येऊन आता ते नाही असं सांगायचं असतं. तो सांगत नाही. नोंद मिटेपर्यंत मोरी नाही. उलट तोवर दर पंधरवड्याला तपासणी आणि फवारणीचं औषध पाठवणं खात्याच्याच माथी."

दुसऱ्या दिवशी त्या गावी गेलो. नाला पायीच ओलांडला. पाऊस पडून गेला होता आणि गवत वीतभर होतं, अजून फुलावर आलेलं नव्हतं. शोधावं लागलं नाही. वेशीत होतं, गल्लीत होतं, प्रत्येक दारापाशी होतं. तुळशींच्या भोवती तर इतकं दाट, की तुळस ओळखायला वाकावं लागे. उत्तमरावांच्या अंगणात सर्वांत जोमदार होतं. त्यांच्याकडे बैलांच्या जोड्या जास्त.

चावडीवर माणसं जमली होती. विषय तोच. सुखदेवने आपली नोंद मागे घ्यावी. बोलता बोलता जो तो कोपर नाही तर मनगट खाजवत होता.

"तुह्या वावरात एक तरी झाड हाये का, सांग," उत्तमराव म्हणाले.

"नाई."

"मंग तेच सांगाचं हाये सायबाले! खरंच तं बोलाचं हाये. गाव मोकळं होइन, मोरी होइन. तुले नाला वलांडा लागत नाई का?"

"लागते. मांगच्या साली पोरीले तापात खांद्यावर घेऊन वलांडला," सुखदेव म्हणाला. या वेळी त्याचा आवाज मोठा नव्हता. "पन मी नाई सांगत."

"काऊन बे? एवढा कायचा राग?"

"राग नाई. मले सांगा, पाटील, तुमच्या अंगनात गवत हाये?"

उत्तमरावांनी खाजवतं मनगट मागे घेतलं.

"आबा, तुमच्या?"

"दारात, आडात, समदीकडं," महादू आबा म्हणाले.

"अन् कागदावर कोनाकोनाच्या नावावर हाये?" उत्तरही त्यानेच दिलं. "एकट्या माह्या. ते बी खोडलं तं गावात गवतच नाई. मंग औषध नाई, तपासनी नाई, कोनाले उपटाले लागत नाई. फूल येइन, बी पडन, अन् पान्यासंगं माह्याच वावरात येइन. राहू द्या माह्या नावावर. तुमच्या नावावर चढवा म्हनत नाई मी. पन एकाच्या तरी नावावर असू द्या."

चावडीवर खाजवण्याचा आवाज वाढला.

"मंग उपटाले कव्हा लागाचं?" महादू आबांनी विचारलं.

सुखदेव काही बोलण्याआधी दारापाशी उभी असलेली गयाबाई म्हणाली, "उद्याच. फूल यायच्या आंधी. अन् हाताले फडकं बांधून या."

सकाळी परतीसाठी पुन्हा नाला ओलांडायला निघालो तेव्हा वेशीत आठ-दहा पुरुष वाकून रोपं उपटत होते. गयाबाई पुढे होती आणि कोणाचं मूळ जमिनीत राहिलं हे मोठ्याने सांगत होती. उत्तमराव उपटत नव्हते. ते देखरेखीला उभे होते. पण त्यांच्याही दोन्ही हातांना कोपरापर्यंत फडकं बांधलेलं होतं.